स्टिकर आय३चा, आत पेंटियम: जुना लॅपटॉप घेताना मी कशी फसले

गेल्या पावसाळ्यात धाकटीला तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला आणि घरात लॅपटॉपचा विषय निघाला. माझं घरगुती डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, पतसंस्थांच्या नोटिसा असं चालू असतं, त्यामुळे घरचा संगणक दिवसभर माझ्याच हाताखाली. नवा लॅपटॉप परवडणार नव्हता, म्हणून साताऱ्याहून पुण्याला जाऊन जुना घ्यायचं ठरवलं. १३,५०० रुपये मोजले आणि फसले. कशी, ते बारीकसारीक तपशिलासह लिहिते आहे, कारण ही युक्ती इतकी सोपी आहे की ती माझ्यापुरतीच वापरली असेल असं मला वाटत नाही.

निघताना भाच्याने एका चिठ्ठीवर प्रोसेसरचं, म्हणजे संगणकाचं सगळं काम उरकणाऱ्या चिपचं, नाव लिहून दिलं होतं: आय३-५००५यू. त्याच्याकडे तोच आहे. "मावशी, पाचव्या पिढीचा आहे, जुना आहे, पण तिचं काम भागेल. पेंटियम नको घेऊस," एवढं बजावून सांगितलं. मी आधी दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर विचारलंही होतं. त्याचं उत्तर आलं, "आय३ पाचवी जनरेशन, ८ जीबी, २५६ एसएसडी, १३,५०० फायनल." या एका ओळीने पुढे मला वाचवलं.

दुकानात गेल्यावर त्याने आधी पेंटियमच पुढे केला. एन३७१० नावाचा. "ताई, आय३ला दोनच कोअर, याला चार. आय३ दोन गिगाहर्ट्झ, हा अडीचच्या वर जातो. आय३ २०१५चा, हा २०१६चा. शिवाय दोन हजारांनी स्वस्त." त्यातला एकही आकडा खोटा नव्हता, हे मला नंतर कळलं. म्हणून त्या आकड्यांबद्दल आधी सांगते. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग, आणि गिगाहर्ट्झ म्हणजे त्याचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात ते.

इंटेल या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने पेंटियम हे नाव दोन वेगळ्या घराण्यांना दिलं. एक घराणं 'कोअर' याच नावाच्या मालिकेचं, म्हणजे आय३, आय५ यांचंच धाकटं भावंड. दुसरं अ‍ॅटमचं, जे कमी विजेवर चालणाऱ्या लहान, स्वस्त मशीनसाठी बनलं. ज्या पेंटियमच्या आकड्याआधी 'एन' आहे तो या दुसऱ्या घराण्यातला. एन३७१० फक्त ६ वॉटचा, तर आय३-५००५यू १५ वॉटचा. एन३७१०चा नेहमीचा वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे. २.५६ हा त्याचा जास्तीत जास्त वेग, आणि तो मशीन तापेपर्यंतच टिकतो. आय३ला असा वाढीव वेग नाहीच, तो २ गिगाहर्ट्झवर चालतो. पण एका ठोक्यात तो पेंटियमपेक्षा कितीतरी जास्त काम उरकतो. चार कोवळी पोरं आणि दोन तगडे गडी असा हा फरक आहे. चिल्लर सामान हलवायचं असेल तर चौघं बरोबरीला येतील. पण पोतं एकट्यानेच उचलायचं असेल तर पोरांची संख्या मोजून उपयोग नाही. आणि रोजच्या वापरात, म्हणजे फाइल उघडणं, पान बदलणं, मोठ्या तक्त्यात बेरीज करणं यात बहुतेक वेळा एकाच कोअरला पोतं उचलावं लागतं.

मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. मी फक्त चिठ्ठी धरून बसले, "मला आय३च हवा." त्याने फार ताणलं नाही. आत गेला आणि पाच-सात मिनिटांनी दुसरा लॅपटॉप घेऊन आला. त्यावर आय३चं निळं स्टिकर होतं. त्याने सेटिंगमधलं पान उघडून दाखवलं, तिथे स्पष्ट लिहिलं होतं, इंटेल कोअर आय३-५००५यू. मी अक्षर अन् अक्षर चिठ्ठीशी ताडून पाहिलं आणि पैसे दिले.

त्याच वेळी दोन गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. तळहात टेकतो तिथलं प्लास्टिक घासून गुळगुळीत झालं होतं, आणि त्याच प्लास्टिकवरच्या स्टिकरच्या कडा मात्र कोऱ्या करकरीत होत्या. ही स्टिकरं सुटी विकत मिळतात. दुसरी गोष्ट आवाजाची. मशीन चालू असताना पंख्याची जराही घरघर नव्हती, कडेला हात धरला तर गरम वारा नाही. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "एसएसडी आहे ना ताई, म्हणून आवाज नाही." एसएसडी ही फाइली साठवायची जागा, तिचा आणि प्रोसेसरच्या पंख्याचा काही संबंध नाही. १५ वॉटच्या आय३ला सहसा पंखा लागतो. ६ वॉटच्या पेंटियमच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये पंखाच नसतो.

घरी आल्यावर मुलगी दोन दिवसांत कुरकुरायला लागली. मग एका रविवारी भाच्याने स्वतःचा लॅपटॉप शेजारी ठेवला. दोन्हीकडे ८ जीबी रॅम, दोन्हीकडे एसएसडी. माझी एका शाळेच्या अहवालाची ९६ पानी फाइल दोन्हीवर एकदम पीडीएफ करायला लावली. त्याची तयार झाली तेव्हा आमची साठाव्या पानाच्या आसपास होती.

त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनची माहिती दाखवणारा विंडोजचा पडदा, उघडला, परफॉर्मन्समध्ये गेला आणि गप्प झाला. वर नाव आय३-५००५यूच होतं. खाली मात्र कोअर ४, लॉजिकल प्रोसेसर (विंडोजला दिसणारे कोअर) ४. त्याच्या लॅपटॉपवर कोअर २, लॉजिकल प्रोसेसर ४. खऱ्या आय३ला ३ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद स्मृती) असते, आमच्यावर एल३ची ओळच नव्हती. एल२ २ एमबी होती, ती एन३७१०ची खूण. मशीन बंद करून पुन्हा चालू होताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ व्यवस्थेत, गेलो. तिथे खरं नाव होतं: पेंटियम एन३७१०. दुकानात मी नाकारला तोच प्रोसेसर, जास्त पैसे देऊन घरी आणलेला.

विंडोज प्रोसेसरचं नाव रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीतून वाचून दाखवतं. ती ओळ बदलता येते. मशीन पुन्हा चालू झालं की खरं नाव परत येतं, म्हणून दुकानदाराने सुरुवातीलाच आपोआप चालणारी एक छोटी फाइल आत टाकून ठेवली होती, जी दर वेळी खोटं नाव लिहायची. भाच्याने ती शोधून काढली. आम्ही ती पुसली नाही, तिचे आणि बायोसच्या पडद्याचे फोटो काढले. तुमच्यावर अशी वेळ आली तर रागाच्या भरात मशीन फॉरमॅट करू नका, पुरावा तिथेच असतो.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "दोन हजार द्या, आय३ बसवून देतो." ही दुसरी फसवणूक होती. हे दोन्ही प्रोसेसर मदरबोर्डवर कायमचे डाख दिलेले असतात, रॅमसारखे काढून दुसरे बसवता येत नाहीत. मी नाही म्हटल्यावर आवाज बदलला. "बिलावर कुठे आय३ लिहिलंय?" खरंच नव्हतं. बिलावर फक्त "जुना लॅपटॉप, १ नग" होतं.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानदाराला तो व्हॉट्सअॅपचा संदेश आणि फोटो पाठवले. सोबत लिहिलं की २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि माझ्याकडे दोन वर्षांची मुदत आहे. पुण्याला हेलपाटे मला घालावे लागणार नाहीत, साताऱ्याला त्याला यावं लागेल, हे त्याला उमगलं असावं. दीड महिन्याने लॅपटॉप परत घेऊन त्याने ११,००० रुपये दिले. अडीच हजार बुडाले. मुलीचं पहिलं सत्र अर्धं गेलं, ते वेगळंच.

पेंटियम एन३७१० टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. व्हिडिओ बघायला, पत्र टाइप करायला तो चालतो, आणि वीज कमी खातो म्हणून बॅटरी पुरते. सहा हजारांत, खऱ्या नावाने दिला असता तर कुणाच्या तरी कामी आला असता. आणि खरा आय३-५००५यूसुद्धा मी आता १३,५००ला घेणार नाही. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा पाठिंबा (सुरक्षेची अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत हे दोन्ही नाहीत. तिथे साधारण आठव्या पिढीपासून पुढचे बसतात.

म्हणून दुसऱ्या वेळी थोडे पैसे साठवून आठव्या पिढीचा घेतला, गावातूनच. भाचा सोबत होता. काउंटरवरच मशीन बंद करून बायोस उघडायला लावलं, मग टास्क मॅनेजर. दुकानदार न कुरकुरता थांबला. बिल करताना मी सांगितलं तसं त्याने हाताने लिहिलं आणि खाली शिक्का मारला: "जुना लॅपटॉप १ नग, इंटेल आय५-८२५०यू, कोअर ४, लॉजिकल प्रोसेसर ८, एल३ कॅश ६ एमबी, रॅम ८ जीबी. ग्राहकासमोर बायोसमध्ये तपासून दिला."