पहिला मोग घेताय? ग्रँडमदर, सब्सिक्वेंट ३७ की मेट्रिआर्क

आधी उच्चार. मूग नाही, मोग. मोग म्हणजे सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारी वाद्यं) बनवणारी अमेरिकन कंपनी, तिचे संस्थापक रॉबर्ट मोग स्वतःचं आडनाव असंच म्हणायचे, आणि कोकणीत मोग म्हणजे प्रेम हे ज्याला माहितीये तो परत चुकणार नाही.

गेल्या सहा महिन्यांत तीन जणांनी मला हेच विचारलं, पहिला ॲनालॉग सिंथ (ज्यात आवाज खरोखरच्या विद्युत सर्किटमधून निघतो) घ्यायचाय, मोगचाच घ्यायचाय, कुठला घेऊ. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो. तीन वाद्यांबद्दल बोलतोय: ग्रँडमदर माझ्याकडे चार वर्षं आहे, सब्सिक्वेंट ३७ एका मित्राचा होता जो जवळजवळ वर्षभर माझ्याच खोलीत पडून होता, आणि मेट्रिआर्क मी रेकॉर्डिंगच्या कामात बराच वाजवलाय पण माझा नाही, त्यामुळे त्याबद्दल तेवढ्या बेतानेच बोलतो.

दुकानात गेलात की ऑसिलेटर (मूळ आवाज तयार करणारा भाग) किती, कीज किती असं सांगायला सुरुवात होते. माझ्या मते त्याच्याआधी स्वतःला एकच विचारा, आज बनवलेला आवाज मला उद्या जसाच्या तसा परत लागणार आहे का?

लागणार असेल, म्हणजे तुम्ही बँडमध्ये वाजवता, एका कार्यक्रमात आठ गाणी आहेत आणि प्रत्येकाला वेगळा बेस किंवा लीड हवाय, तर सब्सिक्वेंट ३७ घ्या, फार विचार करू नका. त्यात २५६ प्रीसेट, म्हणजे तयार करून ठेवलेले आवाज, साठवता येतात. ग्रँडमदर आणि मेट्रिआर्कमध्ये आवाज साठवायची सोयच नाही. नॉब जिथे आहे तिथेच आवाज आहे, आणि केबल लावल्या असतील तर त्या केबलसकट. मी फोनवर फोटो काढून ठेवतो पण खरं सांगायचं तर फोटोवरून परत लावलेला आवाज नव्वद टक्के जमतो, उरलेला दहा टक्के दर वेळी नवीनच निघतो. घरी बसून शिकणाऱ्याला ते चालतं, उलट आवडतं. स्टेजवर दोन गाण्यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात नाही चालत.

आता ग्रँडमदरबद्दल जरा जास्त लिहितो कारण मला ते वाद्य मनापासून आवडतं. २०१८ मध्ये आलं, ३२ कीज, दोन ऑसिलेटर, एका वेळी एकच स्वर. पण त्याच्या आतले भाग मोगच्या १९६० च्या दशकातल्या मोठ्या मॉड्युलर (सुटे भाग केबलने जोडायच्या) कपाटांवरून घेतलेत, फिल्टर (आवाजातला काही भाग कापणारा) ९०४ए चा, एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा) ९११ चा, रिव्हर्ब (घुमारा) ९०५ चा. तो रिव्हर्ब खरोखरच्या स्प्रिंगचा आहे, वाद्याला धक्का लागला की आतून ढगांसारखा गडगडतो. सगळं आतून आधीच जोडलेलं असल्यामुळे एकही केबल न लावता लगेच वाजतं, आणि मग ४१ जागा आहेत जिथे केबल लावून तुम्ही आतली जोडणी मोडून स्वतःची करू शकता. मला सिंथेसिस कळलं ते इथे. यूट्यूबवर दोन वर्षं व्हिडिओ बघून एन्व्हलप म्हणजे काय ते पाठ झालं होतं, पण केबल उपसून फिल्टरऐवजी पिचला (स्वराच्या उंचीला) लावली आणि आवाज चक्क उडी मारून वर गेला तेव्हा ते डोक्यात बसलं. आणि त्यातले रंगीत भाग, ऑसिलेटर एका रंगाचा, फिल्टर दुसऱ्या रंगाचा, ते दिसायला खेळण्यासारखं वाटतं पण शिकणाऱ्याला फार उपयोगी पडतं.

त्याच्या अडचणी पण आहेत. हेडफोनचं भोकच नाहीये! फ्लॅटमध्ये राहत असाल आणि रात्री अकरानंतर वाजवायचं असेल तर मिक्सर किंवा ऑडिओ इंटरफेस वेगळा लागणारच, तो खर्च आधीच धरा. सब्सिक्वेंट आणि मेट्रिआर्क दोन्हीत हेडफोनची सोय आहे.

सब्सिक्वेंटचा आवाज वेगळ्या स्वभावाचा आहे. तिन्हींत मोगचा तो प्रसिद्ध लॅडर फिल्टर आहेच, ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचलेल्या म्हणून लॅडर, १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पण सब्सिक्वेंटमध्ये त्या फिल्टरचा उतार, म्हणजे तो आवाज किती तीव्रपणे कापतो ते, ६, १२, १८ किंवा २४ डेसिबल असा निवडता येतो आणि मल्टिड्राइव्ह नावाचा नॉब आहे, तो वाढवला की आवाज जाड आणि खरखरीत होतो. दोन ऑसिलेटर आणि खाली एक सब ऑसिलेटर (आणखी खालचा स्वर देणारा), त्यामुळे बेस असा येतो की शेजारची खिडकी हलते. ग्रँडमदर त्यामानाने गोल, लाकडी, जुन्या वळणाचा. हिंदी-मराठी गाण्यांचा बेस आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही करायचं असेल तर सब्सिक्वेंट जास्त कामं करेल हे मान्यच.

आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो. कॉर्ड वाजत नाहीत म्हणून लोक नाक मुरडतात, पण बासरी, शहनाई पण एकच स्वर वाजवते ना? मींड काढायला एकस्वरी सिंथसारखं काही नाही. सब्सिक्वेंटमध्ये ग्लाइडचे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याचे, तीन प्रकार आहेत, एकात स्वर लांबचा असो की जवळचा सारखाच वेळ लागतो, दुसऱ्यात अंतराप्रमाणे वेळ वाढतो, आणि तिसऱ्यात सुरुवातीला पटकन जाऊन शेवटी स्वराला हळू टेकतो, हा तिसरा मींडेच्या सगळ्यात जवळ जातो असं माझ्या कानाला वाटतं. ग्रँडमदरवर साधा ग्लाइडचा नॉब आहे, तो पण गोड आहे. शिवाय तिच्यात एक स्विच ड्रोनवर टाकला की आवाज थांबतच नाही, एक ऑसिलेटर षड्जावर आणि दुसरा पंचमावर लावून मी त्यावर तासन्तास रियाझ केलाय. फक्त चालू केल्यावर वीस मिनिटं तापू द्या, नाहीतर स्वर सरकत राहतो आणि तुम्हाला वाटतं आपलाच गळा बिघडलाय.

(भारतात मोग काही आज आलेलं नाही. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोगचा मॉड्युलर बसवून स्टुडिओ उभा केला होता. मोगचा छोटा, प्रसिद्ध मिनिमोग त्याच्यानंतर, १९७० मध्ये आला.)

मेट्रिआर्क म्हणजे ग्रँडमदरची मोठी बहीण म्हणा. २०१९ चं वाद्य, चार ऑसिलेटर, ४९ कीज, दोन फिल्टर, स्टीरिओ ॲनालॉग डिले (आवाजाचा प्रतिध्वनी), ९० पॅच पॉइंट, म्हणजे केबल लावायच्या जागा. चार स्वर एकत्र वाजतात पण ते पॅराफोनिक आहे, म्हणजे स्वर चार असले तरी फिल्टरमधून सगळे एकत्रच जातात, पियानोसारखा प्रत्येक स्वर स्वतंत्र उठत नाही. हे न समजता घेऊन नंतर हिरमुसलेले लोक मी पाहिलेत. तो डिले मात्र, काय सांगू, हेडफोन लावून एक स्वर दाबला की उठावंसं वाटत नाही. बाजारात आली तेव्हा अमेरिकेत ग्रँडमदर ८९९ डॉलरला होती आणि मेट्रिआर्क १,९९९ ला, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. पहिलं वाद्य म्हणून मी मेट्रिआर्क नाही सुचवणार. ग्रँडमदरवर वर्षभर काढलं आणि केबल कमी पडायला लागल्या की मग बघा.

खरोखरच्या कॉर्ड हव्या असतील तर या तिघांत वेळ घालवू नका, मोगचाच आठ स्वरांचा म्यूझ २०२४ मध्ये आलाय, बजेट वेगळंच लागेल. आणि बजेट अगदीच कमी असेल तर मोगचाच मेव्हिस आहे, एका ऑसिलेटरचं किट, स्वतः जोडायचं, छान आहे पण त्यातला कीबोर्ड छोटा, एकाच सप्तकाचा आहे.

सेकंड हँड घेणार असाल तर. २०२३ मध्ये इनम्युझिक या कंपनीने मोग विकत घेतली, त्यामुळे आधीचे अमेरिकेत ॲशव्हिलला बनलेले पीस काही लोक मुद्दाम शोधतात आणि विकणारे त्याचे जास्त पैसे मागतात. मी तरी पीसची अवस्था बघूनच घेईन. प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून बघा, खरखर येते का. सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची सा वाजवून ट्यूनर लावा, आणि हे वाद्य तापल्यावर करा, विकणाऱ्याला घाई असली तरी वीस मिनिटं चहा प्या. ग्रँडमदर असेल तर रिव्हर्ब पूर्ण वर करून हलकी थाप मारा, गडगडाट यायला हवा, नुसती टकटक आली तर स्प्रिंगचं काहीतरी गेलंय. ग्रँडमदर आणि मेट्रिआर्कला बाहेरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, तो ओरिजिनल आहे का ते पण विचारा, कारण बऱ्याचदा घर बदलताना तोच हरवलेला असतो.