ऑइलचा दिवा लागला नाही, कारण त्याची वायरच काढून ठेवली होती

आठ वर्षं जुनी, 71,000 किलोमीटर फिरलेली पेट्रोल गाडी मी एका दलालाकडून 3,40,000 रुपयांना घेतली. माझ्या हातात ती 412 किलोमीटर चालली आणि भर रस्त्यात इंजिन जाम झालं. गाडी ओढून आणायचे 2,800 गेले, इंजिनाच्या कामाचे 87,600.

जुन्या गाड्यांच्या धंद्यात काय चालतं ते मलाही माहीत होतं. मीटर मागे फिरवतात, ठोकलेली गाडी रंगवून विकतात. ते सगळं मी तपासलं. सर्व्हिसच्या नोंदी पाहिल्या, दाराच्या रबराखालचा रंग पाहिला, आरसीवरचा चासी नंबर जुळवला. त्यामुळे ‘डोळे झाकून घेतलीस’ असं मला कोणी म्हणू नये. मेकॅनिकलाही नेणार होतो. पण त्या रविवारी तो मोकळा नव्हता, आणि दलाल म्हणत होता की दुसरं गिऱ्हाईक चार वाजता येतंय. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. दर वेळी रिक्षा शोधत त्यांना दारात उभं करायचं माझ्या जिवावर आलं होतं.

आता गाडी बघतानाची ती दोन मिनिटं. मी बॉनेटवर हात ठेवला तर ते चांगलं गरम लागलं. विचारलं, तर म्हणाला, “आत्ताच धुवून आणली साहेब.” चाकाच्या कमानीत वाळलेला चिखल तसाच होता. मी तो पाहिला, आणि गप्प बसलो! इंजिन आधीच तापवून ठेवलं होतं, म्हणजे थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज माझ्या कानावर पडायलाच नको. किल्लीही त्यानेच फिरवली, एका झटक्यात. किल्ली ‘ऑन’ला नेऊन थांबलं की इंजिन सुरू व्हायच्या आधी बॅटरीच्या दिव्यासोबत लाल ऑइलकॅनचा दिवाही लागला पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही, तर गाडी सोडून चालू लागा. तेव्हा हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

अकराव्या दिवशी खालून जड ठोके ऐकू आले. वरून येणारी बारीक टिकटिक असते ती बहुतेकदा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, आणि थंड इंजिनात थोडा वेळ येऊन जाते. हा आवाज तसा नव्हता. गाडी तापेल तसा वाढत होता, चढावर ॲक्सिलरेटर दाबला की आणखी जोरात. मी नऊ किलोमीटर तशीच चालवली. का? दिवा लागला नव्हता म्हणून. ऑइलचं प्रेशर गेलं तर दिवा लागेल, एवढाच माझा भरवसा होता. असा खोल ठोका आला की दिव्याकडे पाहत बसू नका. तिथल्या तिथे इंजिन बंद करा आणि गाडी उचलून न्या.

मेकॅनिकने ऑइल काढलं तर मधासारखं दाट, आणि त्यात धातूची चकाकी. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपेक्षा बरंच जाड ऑइल घातलं की झिजलेल्या बेअरिंगचा (इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, ज्यात फिरतो त्या भागाचा) आवाज काही दिवस दबतो. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उघडलं तर ऑइल गाळणारी जाळी काळ्या गाळाने बुजलेली, क्रँकला खोल ओरखडे, बेअरिंगचा तुकडाच जागेवरून फिरलेला. आणि ऑइल प्रेशर स्विचची वायर काढून, काळी टेप गुंडाळून आत खोचलेली. बिघाड लपवला हे एक. पण ज्या दिव्याने मला वेळेत सावध केलं असतं, तोच त्यांनी मारून ठेवला.

दलालाचं उत्तर: “तुमच्याच मेकॅनिकने काढली असेल.”

पोलीस ठाण्यात चार खेपा घातल्या. पहिल्यांदा ऐकलं, “जुनी गाडी आहे, बिघडणारच.” दुसऱ्यांदा, “हा दिवाणी मामला आहे.” मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 म्हटलं, तर “वकील आहात का?” तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. चौथ्यांदा अर्ज ठेवून घेतला, पण पोच मागितली तर शिक्का सापडेना! परिवहन कार्यालयात गेलो. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी प्राधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं, याच्याकडे आहे का, एवढंच विचारलं. तीन खिडक्या फिरवल्या आणि शेवटी सांगितलं, ऑनलाइन बघा. वडिलांना दवाखान्यात एकटं बसवून मी या खिडक्यांपुढे उभा होतो. विकणाऱ्याकडे प्रमाणपत्र आहे की नाही, हे विकत घेणाऱ्याने शोधत फिरायचं?

रोख देऊ नका. 3,40,000 पैकी 50,000 मी रोख दिले, त्यामुळे माझं बिल 2,90,000 चं आहे आणि तो तेवढेच कबूल करतो. ‘इंजिनची हमी नाही’ असं छापलेल्या कागदावर सही करू नका. मी केली. काढलेलं ऑइल साक्षीदारांसमोर बाटलीत सीलबंद करा. माझं गॅरेजच्या पिंपात गेलं, आणि वकील पहिल्यांदा त्याबद्दलच बोलला. वायरचे फोटो मात्र मेकॅनिकने हात लावण्याआधी काढले होते, ते आहेत.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. मुदत दोन वर्षांची असते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. विकणारा धंदेवाईक नसून साधा गाडीमालक असेल तर मात्र हा रस्ता बंद, म्हणून दलालाच्या नावाचं बिल हातात पडेपर्यंत पैसे सोडू नका.

क्रँक, बेअरिंगचे तुकडे आणि टेपसकट ती वायर गोणीत बांधून घरात ठेवली आहे. मेकॅनिक दोनदा म्हणाला, भंगारात द्या. निकाल लागेपर्यंत मी ती गोणी हलवणार नाही.