एकसंध की तुकड्यांचा? थंड, जुन्या इमारतीतल्या मोठ्या मॉडेल रेल्वेसाठी

मोठी जागा हाती आली की आपण लगेच कागद घेऊन बसतो. स्टेशन कुठे, बोगदा कुठे, यार्डात किती मार्ग. मात्र ती जागा म्हणजे जुनं गोदाम किंवा बंद पडलेली शाळा असेल, भिंती जाड, खिडक्यांच्या फटींतून वारा आणि हीटर फक्त मंडळी जमायच्या दिवशी लागणार असेल, तर त्या कागदाआधी एक गोष्ट ठरवावी लागते. लेआउट, म्हणजे रूळ, स्टेशनं आणि देखाव्याची सगळी मांडणी, जागेवर कायमचा बांधायचा, की सुटे होणारे तुकडे करून जोडायचा?

माझं उत्तर आधीच सांगतो: अशा इमारतीत बहुतेकांनी तुकड्यांचा करावा. तुकडे म्हणजे कुठल्याही क्रमाने जुळणारी प्रमाणित मॉड्यूल्स असायला हवीत असं नाही. ठरलेल्या क्रमानेच जुळणारे, पण बोल्ट काढले की वेगळे होणारे भाग पुरेत. बघणाऱ्याला तो लेआउट एकसंधच दिसतो.

एकसंध लेआउट काय देतो

त्याचं आकर्षण खरं आहे. लांब, सैल वळणं कुठेही न तोडता नेता येतात. लेआउटच्या एका मजल्यावरून दुसऱ्यावर चढणारा रुळांचा गोल जिना, म्हणजे हेलिक्स, जागेवर बांधला तरच नीट बसतो. मोठ्या स्टेशनाच्या तोंडाशी सांध्यांचं, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या रुळांचं, जाळं असतं, त्यातून सरळ छेद घेणं जिवावर येतं. हॅम्बुर्गच्या जुन्या गोदामांच्या वस्तीत 2001 मध्ये सुरू झालेलं मिनिआटूर वुंडरलँड हे मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन पाहिलं की जुन्या इमारतीत केवढं काम उभं राहू शकतं ते कळतं. पण तिथे रोज प्रेक्षक येतात आणि देखभालीला पगारी माणसं आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ जमणाऱ्या मंडळाने तो हिशेब स्वतःला लावू नये.

थंडीचा रुळांवर परिणाम

मॉडेलचे रूळ बहुधा निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी आहे, पण हा तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. 10 मीटर सलग रूळ 2 अंशांवरून 22 अंशांवर गेला तर साधारण 3 मिलिमीटर वाढतो. ऐन थंडीत रुळांचे जोड घट्ट भिडवून टाकलेला मार्ग उन्हाळ्यात नागमोडी होतो. उन्हाळ्यात टाकलेल्या मार्गाला थंडीत फटी पडतात. शिवाय काही आठवडे हॉल तापवला की हवा कोरडी होते आणि खालचं लाकूड आक्रसतं. म्हणजे रूळ वाढतोय आणि पाया आखडतोय, दोघं उलट दिशेला.

एकसंध लेआउटमध्ये यावर उपाय आहे. दर दोन-तीन मीटरवर एक जोड डाक (सोल्डर) न लावता सैल ठेवायचा, तिथे कागदाएवढी फट सोडायची आणि दोन्ही बाजूंना खालून विजेच्या स्वतंत्र तारा द्यायच्या. शिस्तीने केलं तर चालतं. पण एक जोड विसरला तरी मार्ग नेमका तिथेच फुगतो, आणि ती जागा बहुतेक वेळा बोगद्यात असते.

तुकड्यांच्या लेआउटला ही शिस्त आपोआप लागते. 1.2 मीटरच्या तुकड्यावरचा रूळ त्याच फरकाला अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही आणि प्रत्येक टोकाला फट असतेच. पाया दोन्ही प्रकारांत चांगल्या प्लायवुडचाच करा, कडाही रंगवून बंद करा. एमडीएफच्या (लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळ्यांच्या) उघड्या कडा ओल पितात आणि फुगतात.

हिवाळ्यात काम कुठे करणार?

माझा कौल मुख्यतः इथे पडतो. लेआउट चालवायला एक संध्याकाळ पुरते, बांधायला शेकडो संध्याकाळी लागतात, आणि त्यातल्या निम्म्या थंडीच्या. 5 अंशांवर बोटं बधिर होतात. लाकडाचा पांढरा गोंद नीट धरत नाही, वाळल्यावर खडूसारखा भुरभुरीत राहतो. रंग वाळायला दिवस घेतात. त्यात फळीखाली आडवं पडून, गार फरशीवर पाठ टेकून, डोळ्यांवर पडणाऱ्या धुळीतून तारा जोडायच्या. मी ते केलंय. दोन हिवाळ्यांत आमच्या एकसंध भागाचं काम पुढे सरकलं नाही, कारण लोक यायचेच बंद झाले.

तुकडा असेल तर तो उचलून शेजारच्या लहान खोलीत नेता येतो. ती एकच खोली तापवायची. तुकडा टेबलावर उभा किंवा पालथा ठेवून, खुर्चीत बसून तारा जोडायच्या. सांध्याची मोटर बदलायला दहा मिनिटं पुरतात. डोंगर, झाडं, घरं तिथेच करायची आणि कोरडी झाल्यावर हॉलमध्ये बसवायची. ज्या वयाची माणसं या छंदात टिकून असतात त्यांच्या गुडघ्यांचा विचार केला तर याला पर्याय नाही.

दव, हीटर आणि ओल

हा त्रास दोन्ही प्रकारांना सारखाच. 20 अंशांच्या, 50 टक्के आर्द्रतेच्या हवेतली वाफ साधारण 9 अंशांच्या पृष्ठभागावर दव होऊन बसते. रात्रभर 4 अंशांवर राहिलेल्या हॉलमध्ये माणसं आली, चहा उकळला, हीटर भडकवला, की रुळांवर ओलसर थर येतो आणि इंजिनं अडखळायला लागतात. थोडी पण सतत ऊब ठेवणं जास्त चांगलं. 10 ते 12 अंश पुरतात. धुराडं नसलेला रॉकेलचा हीटर मात्र नकोच. एक लिटर रॉकेल जळताना जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन खोलीत येतं, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका जिवावरचा आहे. ओल काढायला यंत्र घेणार असाल तर फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असलेलं नको, गार हवेत त्यावर बर्फ धरतो. ओलावा शोषणाऱ्या चाकाचं, म्हणजे डेसिकंट पद्धतीचं घ्या.

इंजिनं घरी न्यावीत. परत आणल्यावर त्यांचा खोका बंदच ठेवून त्यांना तासभर हॉलच्या तापमानाला येऊ द्यावं.

तुकड्यांची दुखणी

ती आहेतच. प्रत्येक जोडाशी दोन रुळांची टोकं तंतोतंत जुळायला हवीत. उंचीत थोडा फरक पडला तरी डबा उतरतो. नुसत्या बोल्टवर भरवसा ठेवू नका. टोकाच्या फळ्यांमध्ये पितळी खुंटी आणि खोबणीच्या जोड्या बसवा, बोल्ट फक्त आवळायला. जोडाजवळचे रूळ फळीत रोवलेल्या पितळी स्क्रूंना डाक लावून पक्के करा, नाहीतर कुणाचा तरी स्वेटर अडकून ते वाकतात. दृश्यात जोडाची रेघ दिसते. ती कुंपणाखाली, रस्त्याच्या कडेला लपवावी लागते, आणि प्रत्येक वेळी ते साधत नाही.

तारांचं कामही वाढतं. जुन्या 12 व्होल्टच्या डीसी (एकदिश विजेच्या) पद्धतीत मार्गाचे विभाग पाडायचे म्हणजे प्रत्येक जोडातून डझनावारी तारा, आणि ओलीत प्लगच्या पिना काळवंडतात. डीसीसीमध्ये, म्हणजे इंजिनांना डिजिटल आज्ञा देणाऱ्या पद्धतीत, रुळांतूनच वीज आणि आज्ञा दोन्ही जातात, त्यामुळे जोडातून दोन जाड तारा आणि नियंत्रकांची एक केबल एवढ्यावर बरंच भागतं. तुकडे करणार असाल तर डीसीसीच घ्या.

मापाबद्दल थोडक्यात. एचओ हे माप म्हणजे खऱ्या रेल्वेच्या 1:87, रुळांमधलं अंतर 16.5 मिमी, एन हे माप 1:160, अंतर 9 मिमी. प्रत्यक्षात 26 मीटरच्या दहा डब्यांची गाडी एचओमध्ये सुमारे 3 मीटर, एनमध्ये 1.6 मीटर होते, म्हणून एनचा मोह पडतो. पण हलकं एन इंजिन रुळावरच्या मळाला लगेच अडतं, आणि गारठलेल्या बोटांनी तो डबा रुळावर ठेवणं अवघड जातं. गार हॉलमध्ये मी एचओ घेईन.

इमारत आपली नसते

जुनी इमारत मिळते ती बहुधा कुणाला नको असते म्हणून, आणि एक दिवस ती कुणाला तरी हवी होते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचा टेक मॉडेल रेलरोड क्लब अनेक दशकं बिल्डिंग 20 मध्ये होता. ही 1943 मध्ये युद्धकाळापुरती उभारलेली लाकडी इमारत 1998 मध्ये पाडली गेली. क्लबला नवी जागा मिळाली, पण जुन्या लेआउटचा बहुतांश भाग हलवता आला नाही, तो तिथेच मोडला गेला.

मग एकसंध कुणी करावा? इमारत स्वतःची आहे, आणि हॉलच्या आत छत घातलेली, भिंतींना उष्णतारोधक थर दिलेली वेगळी खोली बांधायची तयारी आहे, त्यांनी. तिथे थंडीचा प्रश्नच उरत नाही, वरून पडणारी चुन्याची धूळही थांबते. उरलेल्यांनी तुकडे करावेत, हेलिक्सपुरता अपवाद ठेवून. आणि लाकूड कापण्याआधी सर्वात कमी-जास्त तापमान नोंदवणारा थर्मामीटर आणि आर्द्रतामापक यांच्या दोन जोड्या हॉलमध्ये ठेवा, एक छताजवळच्या कोपऱ्यात, एक बाहेरच्या भिंतीलगत, आणि पूर्ण हिवाळा आकडे लिहून काढा. ज्या भिंतीलगत आर्द्रता सतत 70 टक्क्यांच्या वर राहते, तिथून लेआउट हातभर लांब ठेवा.