‘क्रिमिनल जस्टिस’ डिप्लोमाचा कागद नीट वाचा

बारावीचा निकाल लागला की ठाणे-वाशी लोकलच्या डब्यात आणि स्टेशनबाहेरच्या खांबांवर एक पत्रक हमखास दिसतं. ‘डिप्लोमा इन क्रिमिनल जस्टिस अँड फॉरेन्सिक. सरकारमान्य. १०० टक्के नोकरी.’ वर्ग दोन खोल्यांत, एका भिंतीवर ‘क्राइम सीन’चा पिवळा पट्टा, टेबलावर बोटांचे ठसे उचलायची पावडर. पैसे गेल्यावर पालक म्हणतात, ‘अहो, पण सर्टिफिकेटवर सरकारी शिक्के होते.’ होतेच. या फसवणुकीची खुबी हीच की कागदावरची एकेक गोष्ट सुटी पाहिली तर बहुतेक वेळा खरी असते.

तो कागद जवळून बघा. जाड कागद, सोनेरी किनार, होलोग्राम आणि वर ओळीने चार चिन्हं. आयएसओ ९००१:२०१५ हे कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, ते बिस्किटांच्या कारखान्यालाही मिळतं. एमएसएमई उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर, स्वतःच माहिती भरून, फुकटात होते. नीती आयोगाचं ‘दर्पण’ म्हणजे स्वयंसेवी संस्थांची नोंदवही. ‘१८६० च्या (संस्था नोंदणी) कायद्याखाली नोंदणीकृत’ याचा अर्थ एवढाच की सोसायटी स्थापन झाली आहे. चारांपैकी एकाचाही अभ्यासक्रमाशी संबंध नाही. खालचा क्यूआर कोड स्कॅन केला की संस्थेचीच वेबसाइट उघडते आणि ‘व्हेरिफाइड’ म्हणते. चोरानेच पंच म्हणून पंचनाम्यावर सही करावी, तसला प्रकार.

त्याहून वाईट असतं संस्थेने दिलेलं ओळखपत्र. निळी फीत, अशोकस्तंभ, ‘क्राइम इन्व्हेस्टिगेशन ऑफिसर’. मुलं ते टीसीला किंवा टोलनाक्यावर दाखवतात आणि तिथे फसवला गेलेलाच आरोपी होतो. राजचिन्हाचा गैरवापर २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे. लोकसेवक असल्याची बतावणी करून त्या जोरावर काही केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आहे. असं कार्ड गळ्यात घालू नका. फेकूही नका, पुढे पुरावा म्हणून लागेल.

आता संस्थेच्या समुपदेशकाचं हुकमी वाक्य: ‘नवीन कायदे आलेत, प्रत्येक गुन्ह्याला फॉरेन्सिकवाला लागणार.’ यात अर्धं खरं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा कायदा) कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे आणि ती राबवायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुभा आहे. पण तो तज्ज्ञ दोन खोल्यांतून येत नाही. कलिन्याच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या बहुतेक वैज्ञानिक पदांना विज्ञानाची पदवी लागते. पोलीस शिपाई व्हायला बारावी, ५० गुणांची मैदानी आणि १०० गुणांची लेखी. पीएसआयला एमपीएससी आणि कोणत्याही शाखेची पदवी. सहायक सरकारी वकिलाला कायद्याची पदवी. हा डिप्लोमा यातल्या कुठेच मागितलेला नाही. म्हणून आधी भरतीची जाहिरात काढा, ‘शैक्षणिक अर्हता’ वाचा आणि मग अभ्यासक्रम शोधा. उलट्या क्रमाने गेलं की खिसा कापला जातो.

मग ‘१०० टक्के नोकरी’चं काय? तीही लागते हो. महापे-घणसोलीच्या एखाद्या कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षकाची. त्या कामाचं प्रशिक्षण २००५ च्या खासगी सुरक्षा कायद्याखाली ठरलेलं आहे: १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष. त्यासाठी वर्षभराची फी कशाला?

पदवीचं आमिष असेल तर वेगळी काळजी. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी फक्त कायद्याने स्थापन झालेलं किंवा अभिमत विद्यापीठ देऊ शकतं, अथवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. ‘परराज्यातल्या विद्यापीठाशी टायअप, आमचं सेंटर वाशीत’ हे ऐकलं की उठा. दूरस्थ किंवा ऑनलाइन असेल तर यूजीसीच्या डीईबी (दूरस्थ शिक्षण विभाग) पोर्टलवर विद्यापीठ, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव आणि सत्र, तिन्ही जुळायला हवीत. विद्यार्थ्याचा डीईबी आयडी तयार झाला नसेल तर प्रवेशच झालेला नाही. दूरस्थ एलएलबीवर वकिलीची सनद मिळत नाही. खरंच शिकायचं असेल तर शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, पदवीनंतर इग्नूचा क्रिमिनल जस्टिसचा पीजी डिप्लोमा आहे.

पैसा कसा जातो तेही बघा. ‘सोपे हप्ते’ म्हणून टॅबवर सही घेतात. ते फीचे हप्ते नसतात, फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. संस्थेला रक्कम एकदम मिळते, वर्ग बंद पडला तरी तुमच्या खात्यातून कापणी चालूच. डिजिटल कर्जाला कूलिंग-ऑफ, म्हणजे दंडाविना माघार घ्यायची मुदत असते, किमान एक दिवस. करारात ती शोधा. त्याच मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरला तरच कर्जातून बाहेर पडता येतं. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं ‘व्हेरिफिकेशनला’ ठेवून घेतात, ती पुढे फी वसूल करायचं हत्यार होतं. मान्यताप्राप्त महाविद्यालयालासुद्धा मूळ कागद अडकवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवून लगेच परत घ्या.

पैसे गेलेच असतील तर न्याय संहितेचं कलम ३१८(४), फसवणूक, सात वर्षांपर्यंत शिक्षा. (यांच्याच अभ्यासक्रमात असतं ते.) राहता कळव्यात आणि सेंटर वाशीत, म्हणजे दोन आयुक्तालयं. तरी कळव्यात ‘झिरो एफआयआर’, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला गुन्हा, दाखल करता येतो. नोंद घ्यायला नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस उपायुक्तांकडे लेखी, पोस्टाने. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ असं ऐकायला मिळतं, कारण तक्रारीत लोक फक्त ‘फी परत हवी’ लिहितात. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता, हे दिसलं पाहिजे. त्यासाठी पैसे भरण्याआधीचे मेसेज महत्त्वाचे: ‘सरकारमान्य’ कोणी, कोणत्या तारखेला लिहिलं. पत्रक, पावती, चॅट एक्सपोर्ट सगळं जोडा. नुसते स्क्रीनशॉट कोर्टात अडतात, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. ज्या फोनवर ते मेसेज आले तो निकाल लागेपर्यंत विकू नका, फॉरमॅटही करू नका.