पिशवीतलं रक्त की लॅबमधलं?

गणपतीतल्या रक्तदान शिबिरात, सांगलीत विश्रामबागेला, शेजारच्या पलंगावरच्या पोराने विचारलं, "काका, रक्त आता लॅबमध्येच बनवतात म्हणे. मग आपण कशाला टोचून घ्यायचं?"

प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये २०२२ साली लॅबमध्ये वाढवलेल्या तांबड्या पेशी पहिल्यांदा दुसऱ्या माणसाच्या शिरेत सोडल्या. किती? ५ ते १० मिली, म्हणजे चमचा-दोन चमचे! आमची पिशवी ३५० मिलीची, दहा मिनिटांत भरते. तिकडे मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तपेशी बनतात त्या, पोषक द्रावणात तीन आठवडे वाढवायच्या. ५ लाख मूळपेशींपासून ५,००० कोटी तांबड्या पेशी होतात, गाळून उरतात १,५०० कोटी. आकडा डोळे फिरवणारा, पण आमच्या एका पिशवीत त्याच्या शंभरपटीहून जास्त असतात. आणि त्या मूळपेशीही दात्याच्याच रक्तातून काढलेल्या, म्हणजे सुई काही चुकत नाही. खर्चाचं तर बोलायलाच नको.

तरी एका बाबतीत लॅब सरस. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. पिशवीत कालच्या आणि उद्या मरणाऱ्या अशा सगळ्याच येतात. लॅबमधल्या सगळ्या कोवळ्या. त्या खरोखर जास्त टिकल्या, तर थॅलेसेमियाच्या, म्हणजे ज्यांना सतत बाहेरून रक्त घ्यावं लागतं त्या पोरांच्या दवाखान्याच्या खेपा कमी होतील, वारंवार रक्त घेऊन अंगात साठणारं लोहही. मुंबईत १९५२ साली नोंदलेल्या 'बॉम्बे' गटासारख्या दुर्मिळ रक्तासाठीही माझं मत लॅबलाच.

बाळंतपणातल्या रक्तस्रावाला, हायवेवरच्या अपघाताला मात्र पिशवीच.

"मूठ उघडझाप कर," मी म्हटलं, "तुझी पिशवी मागे पडलीय."