चिंबोरी घ्यावी की तिसऱ्या?

चिंबोरी म्हणजे खेकडा, तिसऱ्या म्हणजे खायच्या शिंपल्या. चवीवरून मी वाद घालणार नाही. चिंबोरीच्या रश्शाला तोड नाही आणि नांगी फोडताना घरात जी शांतता पसरते, ती तिसऱ्यांनी पसरत नाही. माझं भांडण कवचाशी आहे.

पाहुणे यायचे होते म्हणून चार मोठ्या चिंबोऱ्या आणल्या. पाठ स्वच्छ, चकचकीत, दाबून पाहिली तर टणक. जेवताना नांगी फोडली तर आत पाणी, गराच्या नावाने दोन दोरे. चारपैकी तीन तशाच. काकांनी ‘लाख (आतली केशरी गाभोळी) कुठाय रे?’ म्हणून विचारलं, तेव्हा मी भात कालवत होतो.

खेकड्याचं कवच त्याच्याबरोबर वाढत नाही. किडे, कोळी, विंचू, कोळंबी, सगळ्यांची हीच गत: अंगाला तोकडं झालं की कात टाकायची. (न्हाणीघरात कधी पांढरंफटक झुरळ दिसतं ना, ते नुकतं कात टाकलेलं.) कात टाकली की चिंबोरी पाण्याने फुगते आणि त्या मापाचं नवं कवच धरते. ते थोड्या दिवसांत टणक होतं, पण आत मांस भरायला काही आठवडे जातात. नेमकी या मधल्या दिवसांतली आपल्या पिशवीत पडते. अमावास्येची भरलेली, पौर्णिमेची पोकळ असं म्हणतात, पण मला अमावास्येनेही फसवलंय. आता मी मळकट पाठीची शोधतो. पाठीवर चुन्याच्या खडबडीत पांढऱ्या चकत्या चिकटलेल्या असल्या तर उत्तम, म्हणजे कवच जुनं. गंमत म्हणजे त्या चकत्यांतला जीवही खेकड्याच्याच गोतातला.

तिसरीची शिंपली जन्माची. काठाला चुना चढवत ती शिंपलीसकट वाढते, वरच्या बारीक रेघा त्या वाढीच्याच. त्यामुळे उघडली की आत काहीतरी मिळतं, लहान का असेना. रेती असते, मान्य. मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवल्या की बरीचशी टाकतात, तरी एखादी कचकन दाताखाली येतेच. एकशिपी (एकाच शिंपलीत गर ठेवून केलेल्या तिसऱ्या) करायची तर विळीवर बसायचा धीरही हवा. पण पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागलेली नाही अजून.

तुमची कोळीण ओळखीची असेल तर चिंबोरी खुशाल घ्या, ती भरलेली बघून देईल. माझी मावशीही वीस वर्षांच्या ओळखीची आहे. त्या चार तिनेच निवडून दिल्या होत्या.