नॅशव्हिलचं डाउनटाउन प्रेस्बिटेरियन चर्च: आधी बाहेरून बघा, मग मधल्या वाटेने आत जा

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या राजधानीत, नॅशव्हिलला, जाणारे मराठी लोक रायमन हे संगीताचं प्रसिद्ध सभागृह बघून परततात. त्याच रस्त्यावर, चालत काही मिनिटांवर, चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर हे लाल विटांचं, दोन मनोऱ्यांचं चर्च आहे. पूर्वीचा फिफ्थ ॲव्हेन्यू आता नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस यांच्या नावाने ओळखला जातो, त्यामुळे जुन्या नकाशावर पत्ता शोधताना गोंधळ होतो.

प्रवेशद्वाराशीच थांबा. इजिप्शियन धाटणीचे जाडजूड खांब, त्यांवर कमळाच्या घाटाची शिरं आणि वर पंख पसरलेली सूर्यचकती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ही शैली जास्त करून दफनभूमीच्या वेशींना आणि तुरुंगांना वापरत. चर्चसाठी ती विरळाच. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या सॅग हार्बरचं चर्च हे दुसरं ठळक उदाहरण, पण त्याचा उंच मनोरा १९३८च्या वादळात पडला.

या जागेवरचं हे तिसरं चर्च. मंडळी, म्हणजे इथे उपासनेला जमणाऱ्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या सदस्यांची संघटना, १८१४ साली स्थापन झाली आणि पहिली वास्तू १८१६ची. ती १८३२मध्ये जळाली. दुसरी त्याच वर्षी उभी राहिली, तिच्यात १८३९ साली जेम्स पोल्क (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) यांनी टेनेसीचे गव्हर्नर म्हणून शपथ घेतली, आणि १८४८मध्ये तीही जळाली. मग विल्यम स्ट्रिकलंड यांना काम मिळालं. फिलाडेल्फियाचे हे वास्तुकार त्या वेळी इथलंच राज्य विधानभवन बांधत होते. १८४९ ते १८५१ या काळात चर्च उभं राहिलं. स्ट्रिकलंड १८५४ साली वारले आणि विधानभवनाच्या भिंतीतच त्यांना पुरलं. विधानभवन इथून वरच्या टेकडीवर आहे. एकाच दिवशी दोन्ही बघा. तिथे ग्रीक घाट, इथे इजिप्शियन, आणि दोन्हींमागे एकच हात.

आत गेल्यावर मात्र एक घोटाळा नेहमी होतो. समोरच्या भिंतीवर रंगवलेली खांबांची रांग दूरवर आत जाताना दिसते, छतावर आकाश रंगवलं आहे, रंगीत काचांमध्ये इजिप्शियन नक्षी आहे, आणि बघणारे हे सगळं स्ट्रिकलंडच्या नावावर जमा करतात. प्रत्यक्षात हे रंगकाम आणि या काचा १८८० ते १८८२ दरम्यानच्या, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पाव शतकाहून उशिराच्या. सांगाडा त्यांचा, पण डोळ्यांत भरणारे रंग पुढच्या पिढीचे. हे ध्यानात ठेवलं नाही तर वास्तू अर्धीच कळते. भिंतीवरच्या खोलीचा भास नीट पकडायचा तर मधल्या वाटेवर, मागच्या बाकांजवळ उभं राहा. कडेला किंवा अगदी पुढे गेलात की रेषा वाकड्या वाटतात आणि भास मोडतो.

बांधकाम आणि रंगकाम या दोन थरांच्या मध्ये अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध येतं. १८६२ साली नॅशव्हिल उत्तरेच्या फौजांच्या हाती गेलं आणि ही वास्तू २०६ खाटांचं लष्करी रुग्णालय, क्रमांक आठ, बनली. मनोऱ्यातली घंटा युद्धानंतरची, १८६७ची, नॅशव्हिलच्या श्रीमंत जमीनदारीण अडेलिशिया ॲक्लन यांची देणगी. ती एके काळी शहराला आगीचा इशारा द्यायची. दोनदा जळालेल्या मंडळीच्या मनोऱ्यातून आगीची घंटा वाजावी, हे मला फार समर्पक वाटतं.

१९५५मध्ये मूळ मंडळी उपनगरात गेली. काही सदस्य इथेच राहिले आणि त्यांनी ही वास्तू विकत घेऊन नवी मंडळी उभी केली. ते झालं नसतं तर आज बघायला काय उरलं असतं, सांगता येत नाही. १९९३पासून ही राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे, पण संग्रहालय नाही. चर्च रोजच्या वापरातलं आहे, म्हणून आत जायची वेळ कार्यालयाकडून आधी विचारून घ्या. रविवारी जाणार असाल तर उपासनेला बसा आणि फोटो नंतर काढा. फोटोंसाठी ऊन असलेला दिवस निवडा, ढगाळ हवेत काचांचे रंग मंदावतात.